नाताळच्या रजेचा अर्ज

"लिव," बाबा म्हणाले. "डेपो मॅनेजर साहेबांना माझा सलाम."

"बाबा, अर्जात सलाम लिहीत नाहीत. 'माननीय' लिहितात."

"मंग ते लिव."

मी लिहिलं. सहावीत आम्हाला अर्जलेखन नुकतंच शिकवलं होतं. कोपऱ्यात तारीख, डावीकडे 'प्रति', मधोमध 'विषय', हा सगळा थाट मला येत होता आणि तो मिरवायला मिळतोय म्हणून मी खुशीत होते. एकोणीसशे ऐंशी साल, डिसेंबरचा पहिला आठवडा. आई माझ्या धाकट्या भावाला, दाविदला घेऊन बोटाची पट्टी बदलायला दवाखान्यात गेली होती. नाताळचे कपडे शिवताना मशीनची सुई तिच्या उजव्या हाताच्या बोटातून आरपार गेली होती. नाहीतर बाबांचे अर्ज लिहिणं हे तिचं काम. वाचून दाखवणं हे माझं. अशी आमच्या घरात वाटणीच होती.

बाबांना लिहिता-वाचता येत नसे. त्यांच्याकडे चौथी पासचा दाखला होता, आणि त्या काळी एसटीत ड्रायव्हर म्हणून लागायला तेवढा पुरला. पण ती चार वर्षं त्यांनी गावच्या शाळेतल्या मास्तरांची म्हैस राखण्यात काढली होती. आकडे त्यांना येत. गावांच्या पाट्या ते माणसं ओळखावीत तशा ओळखत. सहीही करत, म्हणजे 'शि. ल. भिंगारदिवे' असं सावकाश काढत. बाकी पत्र असो, पेपर असो, रोज संध्याकाळच्या प्रार्थनेतलं वचन असो, ते बसायचे आणि मी वाचायचे. कोणाच्या बाबांना पोहता येत नाही, माझ्या बाबांना वाचता येत नव्हतं. यात काही विशेष आहे असं मला अकरा वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

"पुढं लिव. चोवीस, पंचवीस आन् सव्वीस तारखेला माला ड्यूटी द्यावी. रजा नको."

माझी पेन्सिल थांबली.

"बाबा, चुकलं. रजा पाहिजे, असं ना?"

"न्हाई. ड्यूटीच. दर साली आई लिवती, तसंच लिव."

नाताळला आम्ही दरवर्षी आईच्या माहेरी, मिशनवाडीला, आजोबांकडे जात असू. मी, आई आणि दाविद. बाबा कधीच येत नसत. 'साहेब रजा देत नाही' हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्या साहेबाचं मन मऊ कर अशी मी सलग तीन वर्षं देवाकडे प्रार्थना करत होते. आणि साहेब बिचारा निर्दोष होता. आई आणि बाबा, दोघं मिळून आम्हाला गंडवत होते.

"पण का, बाबा?"

"लोकास्नी सुट्टीत हिकडंतिकडं जायचं आसतं. गाडी कोनीतरी हाकायलाच पायजे."

"पण सण तर आपला आहे!"

"लिव म्हनलं ना."

आवाज चढवणं बाबांच्या स्वभावात नव्हतं, आणि तो तेव्हाही चढला नाही. पण त्यांनी मान फिरवली आणि ते कोनाड्यातल्या घड्याळाला किल्ली देऊ लागले. मला रडू यायला लागलं. आजोबांचं पत्र मीच वाचलं होतं: यंदा नाताळच्या उपासनेत सुवार्ताने एकटीने गीत म्हणायचं आहे, तयारी करून यावं. एकटीने! देवळात! मामाच्या मुली दरवर्षी मला विचारत, "तुझ्या बाबांना नाताळ नसतो का गं?" या वर्षी मी वेदीपाशी उभी राहणार आणि समोरच्या बाकावर माझे बाबा बसलेले असणार, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही नको होतं, नवा फ्रॉकसुद्धा नको होता.

मी पेन्सिल ठेवली, कोऱ्या कागदावर पेनने सगळा अर्ज उतरवला आणि शेवटी लिहिलं: 'तरी मला दिनांक २४ ते २६ डिसेंबर अशी तीन दिवसांची रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती.'

"झालं?"

"झालं."

"वाच."

मी कागद समोर धरला, त्याच्यावर बोट फिरवलं आणि वाचलं, "तरी मला दिनांक चोवीस ते सव्वीस डिसेंबर असे तीन दिवस ड्यूटी द्यावी, रजा नको, ही नम्र विनंती."

माझी जीभ एकदाही अडखळली नाही. बाबांनी कागद घेतला, मांडीवर पाट ठेवून त्यावर पसरला आणि खाली आपली सही काढली. शाई वाळेपर्यंत त्यांनी कागदावर फुंकर मारली आणि घडी खिशात ठेवली.

"आक्षर चांगलं हाय तुजं," ते म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस मी भीतीने अर्धी झाले. रोज बाबा ड्यूटीवरून आले की मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे. वीस तारखेला संध्याकाळी ते आले तेव्हा त्यांच्याबरोबर निवृत्तीकाका दहिफळे होते. हे बाबांचे जोडीदार, त्याच डेपोत ड्रायव्हर. आई एका हाताने करंज्यांना मुरड घालत होती आणि मी दुसऱ्या टोकाला बसून मदतीच्या नावाखाली सारण खात होते.

"वैनी, तोंड गोड करा," निवृत्तीकाका दारातूनच म्हणाले. "भाऊंची रजा मंजूर! बोर्डावर लागलीया. चोवीसची त्यांची गाडी माझ्याकडं."

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, एकदाच, आणि मग ते बूट सोडायला खाली वाकले.

"कायतरी चुकून झालंय," बाबा म्हणाले. "उद्या सायबाला भेटतो."

"खुशाल भेटा. मी गाडी सोडनार न्हाई. वैनी, तुमीच सांगा. दर दिवाळीला भाऊबीजेची माझी गाडी हे काढत्यात आन् मी बहिनीकडं जेवून येतो. आकरा वर्सं झाली. नाताळाला म्हनावं तर ह्यांची रजाच नसती. मानसाला एकदा तरी उतराई होऊ द्याल का न्हाई?"

काकांनी चार करंज्या खाल्ल्या, दाविदला खांद्यावर घेऊन अंगणात एक फेरी मारली आणि ते गेले. ते गेल्यावर आई हळू आवाजात म्हणाली, "मग तुम्ही घरीच राहा. अंगात कणकण आहे म्हणून सांगते मी तिकडे."

दाविदने ते ऐकलं आणि जमिनीवर लोळण घेतली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते खोटं नव्हतं. बाबांनी आमच्या दोघांकडे बघितलं.

"जाऊ," ते म्हणाले. "पोरं म्हनत्यात तर जाऊ."

मला आईचा भयंकर राग आला. मला एकच कारण सुचत होतं: आजोबा मास्तर, मामा हायस्कूलात शिक्षक, मामी नर्स, त्या घरात खाकी शर्टातला ड्रायव्हर नवरा न्यायची तिला लाज वाटते. तीन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिच्या ते लक्षातही आलं नाही. ती आपल्याच कसल्यातरी विचारात असे. एकदा तर तिने शंकरपाळ्यांत साखर दोनदा घातली.

चोवीसला सकाळी नवाच्या गाडीत आम्ही बसलो. गाडी बाबांची, चालवायला निवृत्तीकाका, आणि बाबा ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर खिडकीशी, मांडीवर करंज्यांचा डबा. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले बाबा मला जरा परके वाटत होते. वळण आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जाई.

"भाऊ," निवृत्तीकाका मागे न बघता ओरडले, "दोघांनी बिरेक दाबला तर गाडी मागं जाईल!"

सगळी गाडी हसली. बाबाही हसले. मग त्यांचा जीव रमला. कुठे रस्ता खचलाय, कुठल्या बाभळीपाशी म्हशी आडव्या येतात, कुठल्या फाट्यावरची म्हातारी हात न करताच गाडी थांबायची वाट बघते, ते सगळं ते दाविदला सांगत राहिले. मिशनवाडीच्या फाट्यावर उतरताना आईने बाबांच्या शर्टाची कॉलर नीट केली, आणि ती आधीच नीट होती.

आजोबा फाट्यापर्यंत चालत आले होते. एलिया मास्तर म्हणून त्यांना सारा टापू ओळखे. बावीस वर्षं त्यांनी मिशनच्या शाळेत पोरं शिकवली आणि निवृत्त झाल्यावर ओसरीवर मोठ्या माणसांना शिकवायचे. उंच, वाळकुडे, तोंडावर सहसा हसू नाही. त्यांनी बाबांना बघितलं, काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढे केला.

"सलाम, शिमोनराव. आलात."

"सलाम, मास्तर," बाबा म्हणाले. सासऱ्यांना ते मास्तरच म्हणत. आजोबांनी त्यांचा हात लवकर सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देऊळ गच्च भरलं होतं. माझी पाळी आली तशी मी वेदीपाशी जाऊन उभी राहिले. मी समोर बघितलं. पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बाबा बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, एखादा अवघड घाट उतरताना बसतात तसे. मी गायले. दुसऱ्या कडव्यात जरा वरचा सूर लागला, पण मी सावरून घेतलं. संपल्यावर बाबांनी रुमाल काढून नाक शिंकरलं, ते तर सबंध देवळाला ऐकू गेलं. मला वाटलं, झालं, माझं सगळं मिळालं. खोटं लिहिलं तेही देवाने पदरात घेतलं.

घरी आलो तर मटणाचा वास दारापर्यंत आला होता. पण आजोबांच्या घरी नाताळचं जेवण शास्त्रपाठाशिवाय वाढलं जात नसे. बैठकीच्या खोलीत सतरंजी अंथरलेली, त्यावर सगळे गोल बसलेले. आजोबांचं मोठं शास्त्र, म्हणजे बायबल, हातोहात फिरायचं. येशूच्या जन्माचा अध्याय, प्रत्येकाने एक वचन मोठ्याने वाचायचं आणि पुस्तक शेजारच्याला द्यायचं. पहिलीतलं पोरगंही बोट ठेवून वाचायचं. चष्मा विसरला, घसा बसला, काही चालत नसे.

मामाने वाचलं, मामीने वाचलं, मामाच्या दोघी मुलींनी वाचलं. दाविदने एक ओळ वाचायला जेवण गार होईल इतका वेळ घेतला. मग आईने वाचलं. तिचा आवाज इतका बारीक लागला की आजोबा म्हणाले, "मोठ्याने, मार्था." तिने वाचून संपवलं, पुढच्या वचनावर बोट ठेवून पुस्तक बाबांच्या मांडीवर ठेवलं, आणि बोट काही काढेना.

बाबा पानाकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मी बघितला. मला वाटलं, मटणाच्या चुलीची धग इथवर येतेय.

"माज्या डोळ्यांत..." बाबा म्हणाले आणि थांबले.

मी बाबांच्या पलीकडे बसले होते. घरी रोज असंच असे: पुस्तक त्यांच्यापाशी आलं की ते माझ्याकडे सरकवत आणि त्यांच्या वाट्याचं मी वाचत असे. मी सवयीने हात पुढे केला.

"द्या बाबा, तुमचं मी वाचते."

"सुवार्ता," आजोबा म्हणाले, "ज्याचं त्याने वाचायचं."

"पण आजोबा, बाबांना कुठं वाचता येतं?"

चहात साखर नाही म्हणावं तसं मी ते म्हटलं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, पण मामी उठली नाही.

"म्हणजे?" मामा म्हणाला. "दाजी मॅट्रिक आहेत ना?"

मला हसू फुटलं. "बाबा आणि मॅट्रिक!" मी म्हटलं, आणि मग मला आईचा चेहरा दिसला. ती पुन्हा चिघळलेल्या बोटाची पट्टी दुसऱ्या हाताने घट्ट आवळून बसली होती आणि पट्टीवर रक्त आलं होतं. तेव्हा कुठे मला कळलं की मी काय केलं ते. आईला ड्रायव्हर नवऱ्याची लाज नव्हती. इथे या घरात एक खोटं ठेवलेलं होतं, त्याला हात लागू नये म्हणून दोघं इतकी वर्षं जपत होती, आणि मी बाबांना हट्टाने उचलून बरोबर त्याच्यावर आणून बसवलं होतं.

बाबांनी पुस्तक बंद केलं नाही. मांडीवर तसंच राहू दिलं.

"पोरगी खरं बोलती," ते म्हणाले. "माला येत न्हाई. लग्नाच्या टायमाला मॅट्रिक म्हनून कळवलं, ते खोटं व्हतं. मीच सांगाय लावलं. मार्थाचा त्यात काय दोष न्हाई."

"काहीतरी बोलू नका," आई म्हणाली. तिचा आवाज आता बारीक नव्हता. "बाबा, यांनी नाही. मी केलं ते. तुम्ही म्हणालात, मुलाकडून रीतसर पत्र येऊ द्या, शिक्षण लिहून येऊ द्या. यांच्या घरात लिहिणारं होतं कोण? मी मैत्रिणीच्या घरी बसून लिहिलं आणि पोस्टात टाकलं. यांना नंतर सांगितलं. चौथीवाल्याला तुम्ही हो म्हणाला असता?"

"नसतो म्हणालो," आजोबा म्हणाले.

मामी पुटपुटली, "जाऊ द्या आता, सणाचा दिवस आहे." आजोबांनी तिला हाताने थांबवलं.

"मार्था, बावीस वर्षं मी पोरांची अक्षरं तपासली. तुझा हात हातात धरून मी अक्षर वळवून घेतलंय. मुलाकडचं पत्र येतं आणि ते माझ्याच मुलीच्या अक्षरात असतं, हे मला कळणार नाही?"

आईने पट्टीवरचा हात सोडला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पाकीट फोडलं तेव्हापासून."

"आणि तरी हो म्हणालात?"

"माझी मुलगी कधी खोटं बोलली नव्हती. जिने आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं खोटं लिहिलं, तिने मनाशी किती पक्कं केलं असेल? मग मी नाही म्हणून काय होणार होतं?"

"मग पहिल्या नाताळाला यांच्या हातात पुस्तक का दिलंत?" आई आता रडत होती आणि भांडतही होती. "माहीत होतं तर का दिलंत?"

"घरातल्या माणसाला वगळून पुढे कसं देऊ? मला वाटलं, ते म्हणतील येत नाही, मी म्हणेन शिकवतो, आणि विषय संपेल. तर हे म्हणाले डोळ्यांत कचरा गेलाय, आणि उठून गेले ते अकरा वर्षं आले नाहीत." आजोबा बाबांकडे वळले. "शिमोनराव, केवढा कचरा होता हो?"

मामाला हसू आवरेना, मग मामीला, मग सगळ्यांनाच. बाबा हसले नाहीत, पण त्यांचे खांदे खाली आले. आईने पदराने डोळे पुसले. आजोबांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

"वाच, सुवार्ता. त्यांचं वाच आणि मग तुझं."

मी दोन्ही वचनं वाचली. जेवताना मामीने माझ्या ताटात नळीचं हाड वाढलं, जे दरवर्षी मामाच्या मोठ्या मुलीला मिळायचं. मामा दोनदा म्हणाला, "पोरीने एका वाक्यात अकरा वर्षांची गाठ सोडवली." मी अभिमानाने फुगले. जेवणानंतर आजोबा ओसरीवर बाबांना म्हणाले, "रविवारी येत जा. तासाभराचा तर रस्ता आहे. शिकवतो." बाबा म्हणाले, "आता ह्या वयात काय पाटी घेऊन बसू, मास्तर?" आजोबांनी आग्रह केला नाही.

सव्वीसला दुपारी आम्ही परतीच्या गाडीसाठी फाट्यावर उभे होतो. आई दाविदला घेऊन पलीकडच्या रसवंतीवर गेली होती. बाबा पिशव्यांवर लक्ष ठेवून झाडाखाली बसले होते. मी त्यांच्याशेजारी.

"सुवार्ते," ते म्हणाले, "त्या आर्जात तू काय लिवलं व्हतंस?"

मी खोटं बोलू शकले असते. पण त्यांनी रस्त्याकडे बघत विचारलं, आणि त्यामुळे मला ते जमलं नाही.

"रजा मिळावी म्हणून."

"आन् माला वाचून दावलं ते?"

"तुम्ही सांगितलं होतं ते."

त्यांनी मान हलवली. लांब एक ट्रक दिसत होता, तो जवळ आला, धूळ उडवून गेला.

"म्हंजे कागदावर येक आन् तोंडात येक."

"तुम्ही यावं म्हणून केलं, बाबा. माझं गाणं होतं म्हणून."

"ते कळलं माला. गानं चांगलं म्हनलंस तू. लई चांगलं म्हनलंस." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. "आन् मी आलो तेबी बरंच झालं. मार्थाच्या डोक्यावरचं वझं उतारलं."

मला वाटलं, संपलं. रागावले नाहीत. मारायचे तर ते कधीच नाहीत. गाडी आली, आम्ही बसलो, आणि अर्ध्या रस्त्यात मला झोप लागली.

पुढच्याच रविवारी बाबा सकाळी उठले, दाढी केली आणि दाविदची जुनी पाटी पिशवीत घालून मिशनवाडीच्या गाडीत बसले. आईला आधी खरंच वाटेना. पण ते त्या रविवारी गेले, त्याच्या पुढच्याही गेले. रविवारी ड्यूटी लागली तर निवृत्तीकाकांशी बदलून घेऊन गेले. अडतिसाव्या वर्षी बाबा वाचायला शिकले. दोन वर्षांनी ते पेपर वाचत, आणि नंतर नाताळच्या पाठात त्यांची पाळी आली की सगळ्या खोलीत त्यांचा आवाज मोठा असे. आजोबांच्या घरचा एकही नाताळ त्यांनी मग चुकवला नाही.

आमच्या घरात ही गोष्ट अजून सांगतात. माझ्या लग्नात मामाने सांगितली, आजोबांच्या शोकसभेत पाळकसाहेबांनी सांगितली, दोन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा परत कोणीतरी सांगितली. की सुवार्ताने भर खोलीत खरं सांगितलं आणि बापाला अक्षर मिळालं. लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात आणि मी मान खाली घालते. त्यांना तो विनय वाटतो. अर्जाची गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, आणि बाबांनीही सांगितली नाही, आईलासुद्धा नाही.

त्या जानेवारीत जालन्याहून आत्याचं पत्र आलं होतं. मी नेहमीसारखं फोडलं आणि बाबांना वाचून दाखवलं. शेळी व्याली होती, आत्याच्या सुनेला दिवस गेले होते, आतोबांचा खोकला कमी होता. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले, आणि पत्र घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मी त्यांच्याबरोबर मिशनवाडीला गेले. बाबा आत पाणी प्यायला गेले होते. आजोबांनी मला ओसरीवर जवळ बोलावलं.

"सुवार्ता, हल्ली तू बाबांना पत्रं वाचून दाखवत नाहीस का?"

"दाखवते की, आजोबा."

"मग मागच्या रविवारी ते तुझ्या आत्याचं पत्र घेऊन आले होते. माझ्याकडून वाचून घेतलं, तेही दोनदा. मी म्हटलं, पोर घरात असताना माझ्याकडे कशाला आणलं? तर त्यांनी पत्राची घडी करून परत खिशात ठेवली."

त्या पत्रातला एक शब्दही मी बदलला नव्हता.